घरी भरलेली इग्निशन कॉइल: तिसरा आयजीबीटी उडाला, चुकतंय कुठं?

उद्यमनगर_वाइंडर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. शेतीपंप, सबमर्सिबल, गुऱ्हाळाच्या चरकाची मोटर, काय येईल ते भरतो. तेव्हा तार, गेज, वेढे यातलं शिकवू नका, त्याच्या पुढचं सांगा.

घरात १९९४ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. वडिलांची पहिली गाडी, विकायचा प्रश्नच नाही. पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये पिकअप बसवला. ड्रायव्हर बोर्ड पोरानं करून दिलं, त्यावर इग्निशनचाच आयजीबीटी आहे, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर. राहिली कॉइल. बाजारात मिळते हे मलाही माहीत आहे, पण म्हटलं इतक्या मोटरी भरल्या आणि एक मुठीएवढी कॉइल भरता येत नाही म्हणजे काय.

केलं ते असं. ट्रान्सफॉर्मरच्या ई आणि आय पट्ट्या घेतल्या, मधली जीभ १० मिमी, थप्पी १० मिमी. प्रायमरी २३ गेजचे १५० वेढे, अर्धा ओहम भरते. त्यावर मिलिनेक्स (इन्सुलेशनची फिल्म), मग सेकंडरी ०.०६ मिमी तारेचे १३,५०० वेढे, ७.४ किलोओहम. तार केसापेक्षा बारीक, चार वेळा तुटली. पट्ट्या एक इकडून एक तिकडून अशा गच्च विणून बसवल्या, आवाज येऊ नये म्हणून. वरून मोटरचं वॉर्निश, रात्रभर भट्टीत. बोर्डावर करंट चालू राहायचा वेळ ३ मिलिसेकंद, फिक्स.

इंडक्टन्स मोजायला एलसीआर मीटर लावला तर प्रायमरीला ६८ मिलिहेन्री. बाजारच्या कॉइलला तोच मीटर साडेतीन दाखवतो. म्हणजे माझी वीसपट तगडी, असं समजून मी दुकानात दोघांना चहा पाजला.

गाडीत काय झालं ते ऐका. ठिणगी बारीक, पिवळसर. आयडलला इंजिन चालतं, रंकाळ्याला एक फेरी मारून आलो. पन्हाळ्याला निघालो तर वाघबीळच्या चढाला मिसिंग, मग धक्के, मग गप्प. आयजीबीटी शॉर्ट. नवीन टाकला, तोही गेला. तिसरा परवा पावसात गेला, आणि त्या रात्री लाइट बंद करून बघितलं तर कॉइलच्या अंगावर जांभळा उजेड आणि चटचट आवाज. आता पोरगं म्हणतंय, "पप्पा, बोर्डाला नावं ठेवू नका." कुणाचं चुकतंय?

घाटमाथा_गॅरेज

मालक, रेडिमेड आणा आणि विषय संपवा. तीन आयजीबीटीच्या पैशात दोन कॉइल आल्या असत्या. लक्ष्मीपुरीत विचारा.

पांढरा_रस्सा

दोघांना चहा पाजला तेवढं वसूल करून घ्या आधी 😄

सातवी_गल्ली

पोराचं बरोबर आहे. बोर्डाला काही झालेलं नाही, कॉइल त्याला मारते आहे. घाटमाथांचंही बरोबर आहे म्हणा, पण ज्याला करून बघायचंय त्याला "विकत आण" सांगण्यात मजा नाही. मी पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात ११ वर्षं हेच काम केलं, कॉइलचं डिझाइन आणि मग फील्डमधून परत आलेल्या कॉइलींचं शवविच्छेदन. आता राजारामपुरीत घरी असते, त्यामुळे वेळ आहे, लांब लिहीन.

तुम्ही ट्रान्सफॉर्मर भरलाय, आणि चांगला भरलाय. तीच अडचण आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये एका बाजूनं वीज जाते तेव्हाच दुसरीकडून निघते. इग्निशन कॉइलला आधी साठवावं लागतं आणि मग एका क्षणात सोडावं लागतं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकानं १९१० च्या सुमाराला कॅडिलॅकच्या गाडीत बॅटरी इग्निशन दिलं, तेव्हापासून तत्त्व तेच: प्रायमरीत करंट चढू द्यायचा, एकदम तोडायचा, चुंबकत्व कोसळलं की सेकंडरीत व्होल्टेज उसळतं. पूर्वी तोडायचं काम पॉइंट करायचे, आता आयजीबीटी करतो.

साठतं कुठं? लोखंडात जवळजवळ काहीच साठत नाही. साठतं ते पट्ट्यांमधल्या हवेच्या फटीत. आणि तुम्ही पट्ट्या एक इकडून एक तिकडून विणून ती फट मेहनतीनं बुजवून टाकलीत.

तो ६८ चा आकडा खोटा नाही, पण तो मीटर दोन-चार मिलिअँपिअरवर मोजतो. तुमच्या कोअरचा, म्हणजे पट्ट्यांच्या गाभ्याचा, छेद १ चौरस सेंटिमीटर आहे, वेढे १५०. फट नसली तर असं लोखंड अर्ध्या अँपिअरच्या आतच भरून वाहतं, सॅच्युरेट होतं. त्या वेळी साठा किती? ४-५ मिलिज्यूल. म्हणून ठिणगी पिवळी. शिवाय बंद कोअरमध्ये करंट तोडल्यावरही चुंबकत्व मागे राहतं, पुढची खेप रिकाम्यापासून सुरूच होत नाही, आधीच अर्ध्या भरलेल्या घागरीत ओतल्यासारखं होतं. एकदा भरली की इंडक्टन्स, म्हणजे करंटला हळूहळू चढायला लावणारा गुण, नावालाच उरतो आणि करंटला अडवायला फक्त अर्धा ओहम शिल्लक राहतो. १४ व्होल्टला २५ अँपिअरच्या आसपास. तुमचे ३ मिलिसेकंद संपेपर्यंत आयजीबीटी हे सोसत बसतो. आयडलला ठिणग्या कमी, म्हणून निभावलं. चढाला आरपीएम वाढला आणि तो तापून गेला.

आता फट घालायची तर किती? हिशेब करून दाखवते, वेढे तुमचेच ठेवून. ७ अँपिअर घ्यायचे ठरवलं, १५० वेढे, म्हणजे १,०५० अँपिअर-टर्न. लोखंडात १.६ टेस्लाच्या वर जायचं नाही असं धरलं तर फट येते ०.८२ मिमी. इंडक्टन्स उतरतो ३.४ मिलिहेन्रीवर. बाजारची कॉइल साडेतीन दाखवते म्हणालात ना, तो आकडा उगीच नाही. साठा म्हणजे अर्धा गुणिले इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग: ८४ मिलिज्यूल. तेच लोखंड, तेच तांबं, आणि ४ चे ८४ झाले.

३ मिलिसेकंदही बदला. ३.४ मिलिहेन्री, अर्धा ओहम, १४ व्होल्ट, आयजीबीटी दीडेक व्होल्ट खातो: ७ अँपिअरला सव्वादोन मिलिसेकंद लागतात. पण सेल्फ मारताना बॅटरी ९ व्होल्टवर बसली की हाच वेळ सव्वाचारच्या पुढे जातो. म्हणून फिक्स वेळ ठेवू नका. पोराला सांगा, बॅटरीचा व्होल्टेज वाचून वेळ ठरव. तो खूश होईल. वेळेची टंचाई नाही: तीन सिलिंडर, ६,००० आरपीएमला सेकंदाला १५० ठिणग्या, म्हणजे दोन ठिणग्यांत साडेसहा मिलिसेकंदांहून जास्त.

करंट डोळ्यांनी बघा. प्रायमरीत ०.०५ ओहमचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) टाका आणि ऑसिलोस्कोप लावा. चांगल्या कॉइलची रेघ जवळजवळ सरळ चढते. तुमच्या जुन्या कॉइलची रेघ थोडी चढून एकदम नागासारखी फणा काढेल. ती एकदा बघितलीत की माझ्या लांब पोस्टची गरज राहणार नाही.

जांभळ्या उजेडाबद्दल उद्या. तो वेगळा आजार आहे.

उद्यमनगर_वाइंडर

ताई, तुमची पोस्ट दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली. चहाचे पैसे आता माझ्याकडून वसूल करतायत.

स्कोपवर नाग बघितला. अगदी फणा. पोरानं फोटो काढून स्टेटसला ठेवलाय.

आज पट्ट्या सोडवल्या, सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, मध्ये ०.८ मिमीचा लेदरॉइड कागद. पण मीटर २.१ दाखवतोय, ३.४ नाही. वेढे परत मोजले, बरोबर आहेत. ठिणगी आधीपेक्षा लई भारी, निळी पांढरी. तरी आकडा का जमत नाही?

सातवी_गल्ली

माझी चूक. "एकूण फट" असं लिहायला हवं होतं. ई-आय मध्ये कागद तिन्ही पायांवर येतो. चुंबकीय रेषा मधल्या जिभेतून फट ओलांडून जातात आणि बाजूच्या पायांतून परत येताना पुन्हा फट ओलांडतात. ०.८ चा कागद म्हणजे १.६ ची फट झाली. ०.४ चा घाला.

मीटर तरीही ३.४ पेक्षा थोडा जास्तच दाखवेल, कारण फटीच्या कडेनं रेषा बाहेर फुगतात. मग ७ अँपिअरपर्यंत लोखंड पुरेल का ते स्कोपवर बघा, माझ्या गणितावर जाऊ नका.

आता जांभळा उजेड.

पहिली गोष्ट सेकंडरीची मांडणी. तुम्ही मोटरच्या सवयीनं बॉबिनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत थर देत गेलात, बरोबर? आयजीबीटी बंद होताना प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि ४०० च्या आसपास त्याचा क्लॅम्प ते धरून ठेवतो. आपल्या राधानगरीचे सात दरवाजे पाणी पातळीला आलं की आपोआप उघडतात, तसंच. ४०० गुणिले ९०, म्हणजे सेकंडरीवर ३६ किलोव्होल्टपर्यंत. १३,५०० वेढ्यांत वाटले तर एका वेढ्याला २.७ व्होल्ट, काहीच नाही. पण तुमच्या थरात २६०-२७० वेढे बसले असतील. थर टोकाला जाऊन परत सुरुवातीला आला की तिथं शेजारी शेजारी लागलेल्या दोन तारांत दोन थरांचा फरक असतो: १,४०० व्होल्ट. मध्ये काय? केसाएवढ्या तारेवरचं इनॅमल. त्यात ०.०६ ची तार हातानं ओळीत बसत नाही, वरच्या थरातली सरकून दोन-तीन थर खाली जाते.

जुन्या तेलाच्या डबा-कॉइलमध्ये प्रत्येक थरावर कागद असायचा, आणि सेकंडरी आत, प्रायमरी बाहेर, म्हणजे गरम होणारी प्रायमरी डब्याजवळ राहून थंड व्हायची. आताच्या कॉइलमध्ये बॉबिनलाच कप्पे असतात. ८ कप्पे केलेत तर एका कप्प्यात सुमारे १,७०० वेढे आणि साडेचार किलोव्होल्ट. कप्प्यात तार कशीही पडू दे, फार लांबची तार फार जवळ येऊच शकत नाही. कप्प्यांमुळे सेकंडरीची स्वतःची कपॅसिटन्सही कमी राहते, तेवढी शक्ती प्लगला उरते.

दुसरी गोष्ट वॉर्निश. ते सुकतं म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं. जिथून उडालं तिथं पोकळी राहते. ४१५ व्होल्टच्या मोटरला त्याचं सोयरसुतक नाही. इथं मात्र पोकळीतली हवा आधी पेटते: भोवतीच्या इपॉक्सीच्या (कॉइलमध्ये ओतून घट्ट करतात ती राळ) मानानं हवेवर विजेचा ताण तीन-चारपट जास्त पडतो, आणि हवेची सहन करायची ताकद मिलिमीटरला फक्त ३ किलोव्होल्ट. दर ठिणगीला आतल्या आत एक छोटी ठिणगी. ती भिंत पोखरत जाते.

यावर एक आठवण. कारखान्यात एका पावसाळ्यात आमच्या कॉइली फील्डमधून परत यायला लागल्या. सगळ्या चार-पाच महिने चाललेल्या, मग एकाएकी मिसिंग. डिझाइन माझं, त्यामुळे बोटं माझ्याकडे. तीन आठवडे मी रोज कॉइली कापत होते. शेवटी कळलं की पॉटिंगच्या, म्हणजे कॉइलमध्ये इपॉक्सी ओतायच्या, मशीनच्या व्हॅक्यूम पंपाचं तेल कुणी बदललंच नव्हतं. गेज व्हॅक्यूम दाखवत होतं, आत तेवढा व्हॅक्यूम होत नव्हता. माफी कुणी मागितली नाही, असो.

तर इपॉक्सी, वॉर्निश नाही. आणि गरम करून, गुऱ्हाळावरच्या गरम काकवीसारखी पातळ झाली की व्हॅक्यूममध्ये हळूहळू ओतायची. इपॉक्सीत सिलिकाची भुकटी घालतात, नाहीतर ती तांब्यापेक्षा फार फुगते-आकसते आणि इंजिनच्या उष्णतेत तडकते. कोअर इपॉक्सीत बुडवू नका, बाहेर ठेवा, लोखंडाच्या कोपऱ्यापासूनच तडे सुरू होतात.

घाटमाथा_गॅरेज

मी रेडिमेड आणा म्हणालो होतो, आता मीच रोज हा धागा उघडतोय. ताई, दोन प्रश्न. गिऱ्हाईक कॉइलच्या दोन वायरी उलट्या जोडून आणतं, गाडी चालते पण थंडीत सकाळी त्रास देते. खरंच फरक पडतो का? आणि नवीन गाड्यांची प्लगवर बसणारी पेन्सिलसारखी कॉइल एवढी बारीक कशी?

सातवी_गल्ली

पडतो. प्लगचा मधला इलेक्ट्रोड गरम असतो, गरम धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून तो निगेटिव्ह ठेवतात. उलटं झालं की त्याच गॅपला जास्त व्होल्टेज लागतं. गाडी गरम असताना कॉइलकडे शिल्लक असते, थंड सकाळी, बॅटरी बसलेली असताना शिल्लक संपते.

पेन्सिल कॉइलमध्ये कोअरच्या टोकांना चुंबक बसवलेलं असतं, प्रायमरीच्या उलट दिशेनं. म्हणजे लोखंड शून्यापासून नाही तर उण्यापासून भरायला लागतं, तेवढ्याच लोखंडात जास्त मावतं. शिवाय प्रत्येक प्लगला एक कॉइल, त्यामुळे एकीला श्वास घ्यायला भरपूर वेळ. त्यांच्यात एक डायोडही असतो: करंट चालू करतानाच सेकंडरीत हजार-बाराशे व्होल्ट उलटे येतात, आणि सिलिंडरमध्ये दाब कमी असताना तेवढ्यानंही नको त्या वेळी ठिणगी पडू शकते. ८०० ला डायोड लागत नाही, डिस्ट्रिब्युटरच्या रोटरचा गॅपच ते अडवतो.

उद्यमनगर_वाइंडर

बारा दिवसांनी येतोय, ऊस हंगामाच्या आधी सगळ्यांना मोटरी एकदम आठवतात.

०.४ चा कागद घातला. मीटर ३.८. स्कोपवर रेघ सरळ, ६.८ अँपिअरला मान किंचित वळते. पोरानं बॅटरी वाचून वेळ ठरवायचा कोड टाकला, आयजीबीटीला बोट लावलं तर कोमट.

बॉबिन शेजारच्या लेथवाल्याकडून केलं, हायलमच्या (इन्सुलेशनची कडक शीट) चकत्या लावून ८ कप्पे. एका कप्प्यातून दुसऱ्यात तार न्यायला खाच ठेवायची अक्कल दुसऱ्या बॉबिनला आली. इपॉक्सी ओतायला जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलटा वापरला, वरती काचेचं झाकण. फेस बघून बायको म्हणाली, दूध उतू चाललंय.

त्यातली पहिली कॉइल बेंचवर दोन तासांत गेली. दुसरी गाडीत आहे. काल भर पावसात वाघबीळ चढून पन्हाळ्यावर तीन दरवाजापर्यंत गेलो, तिसऱ्या गिअरमध्ये, एकही मिसिंग नाही. तिथं कणीस खाल्लं आणि उतरलो.

गेलेली कॉइल तुमच्यासारखीच कापून बघितली, हॅक्सॉनं. सातव्या कप्प्याच्या भिंतीत काळी रेघ आहे, मुळं फुटल्यासारखी, आठव्याकडे गेलेली. सुरुवात जिथं आहे तिथं मोहरीएवढं भोक.

सातवी_गल्ली

तो बुडबुडा. सातवा-आठवा कप्पा म्हणजे प्लगकडचा, सगळ्यात जास्त व्होल्टेजचा, तिथंच जायचं ते. खाचेपाशी इपॉक्सी शेवटी पोहोचते, तिथं हवा अडकली असणार. पुढच्या खेपेला बॉबिन उभं ठेवा, खाचा वरच्या बाजूला, आणि खालून भरत या. फ्रिजचा कॉम्प्रेसर शिकण्यापुरता ठीक. त्याचं तेल बदला.

६.८ ला मान वळते तर ६.५ ला थांबा. ८० मिलिज्यूल तरीही मिळतात. आणि चालू गाडीत कॉइलच्या वायरला हात लावू नका, ही जुन्या पॉइंटवाल्या कॉइलची गंमत राहिलेली नाही.

उद्यमनगर_वाइंडर

हात लावून झालाय ताई. पोराला सांगितलेलं नाही.

पांढरा_रस्सा

चहा परत चालू करा मग.